आजीचा फोटो आजीसारखा



तुमच्या घरात भिंतीवर पणजोबांचा किंवा पणजीचा फोटो आहे का? असला तर आज तो जरा जवळून पाहा. पुष्कळ घरांत असा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून काढलेला असतो. पंचवीस माणसांतलं एक डोकं कापून घ्यायचं आणि ते मोठं करायचं. मग नाक-डोळे पुसट होतात आणि ते ब्रशने रंगवून घ्यावे लागतात. तो फोटो पाहून घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, "पण ते असे दिसत नव्हते हो!"

असं का झालं? तर ती माणसं होती, तेव्हा त्यांचा एकट्याचा, निवांत असा फोटो कुणी काढलाच नाही.

"आता तसं होणार नाही, आता घरोघरी मोबाइल आहे," असं तुम्ही म्हणाल. बरं, मग एक करा. घरातल्या मोबाइलमध्ये तुमच्या आजीचा एकटीचा चांगला फोटो शोधा. केकच्या मागे अर्धी दिसणारी आजी चालणार नाही. लग्नात जेवताना डोळे मिटलेली आजीही चालणार नाही. सापडला? बहुतेकांना नाही सापडणार! म्हणून आज आपण एकच गोष्ट शिकायची. एका माणसाचा एक चांगला फोटो कसा काढायचा? याला पोर्ट्रेट म्हणतात. मराठीत व्यक्तिचित्र.

आधी उजेड शोधा

फोटो काढायला कॅमेरा लागतो हे खरं, पण त्याच्याही आधी लागतो उजेड. कसलाही नव्हे, मऊ उजेड.

भर दुपारी अंगणात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. ऊन डोक्यावरून येतं, म्हणून डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते. शिवाय माणूस डोळे बारीक करतो तो वेगळाच. झाडाखाली बसवावं, तर पानांतून आलेले कवडसे तोंडावर ठिपके पाडतात. फ्लॅश मारला तर चेहरा पांढराफटक आणि मागे काळोख.

मग कुठे बसवायचं? दारात किंवा खिडकीजवळ, जिथे थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर येतो तिथे. आजीला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवा आणि तोंड थोडं खिडकीकडे करायला सांगा. गालाची एक बाजू उजळ, दुसरी किंचित सावलीत असं झालं की चेहरा सपाट दिसत नाही. सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर त्या बाजूला भावंडाला पांढरी चादर धरून उभं करा. उजेड चादरीवर आपटून परत येतो आणि सावली हलकी होते.

ही युक्ती फार जुनी आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाच्या एक बाई होत्या. त्यांचा जन्म १८१५ सालचा, आणि तोही आपल्या कोलकात्यातला. पुढे त्या इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर राहायला गेल्या. १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी काय केलं माहीत आहे? घरामागच्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्या बाहेर काढल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला! कोळशाच्या खोलीत फोटो धुवायची सोय केली. पुढच्याच वर्षी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो त्यांना मनासारखा साधला. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो दाढीवाला डार्विन, त्याचाही फोटो त्यांनी १८६८ साली काढला. तेव्हा विजेचा दिवा नव्हता, की मोबाइल नव्हता. होता तो काचेतून आलेला उजेड. तो आपल्या घरीही आहे आणि फुकट आहे.

किती लांब उभं राहायचं?

मोबाइल तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक बटाट्याएवढं दिसतं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यात नाकाचा काही दोष नाही. हे आहे साधं गणित.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर १२ सेंटीमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटीमीटरवर असला, तर कान ४२ सेंटीमीटरवर. म्हणजे कान नाकाच्या १.४ पट लांब. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं दिसणार. आता कॅमेरा दीड मीटर मागे न्या. नाक १५० सेंटीमीटरवर, कान १६२ वर. भागाकार करा पाहू! १.०८ पट. फरक जवळजवळ नाहीसाच झाला.

पटत नसेल तर एक डोळा मिटून मित्राच्या तोंडाकडे आधी वीतभर अंतरावरून आणि मग पाच-सहा फुटांवरून पाहा. माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग केला, की पाच मिनिटं नुसता हशा असतो. पण अंतराचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

तेव्हा लक्षात ठेवा, पाच-सहा फूट मागे उभं राहायचं. चेहरा लहान दिसला तर पुढे सरकू नका. मोबाइलमध्ये दोन पटीचं बटण असेल तर ते दाबा. कॅमेऱ्याला झूम असेल तर तो वापरा.

चौकटीत काय, चौकटीबाहेर काय

बटण दाबायच्या आधी आजीकडे नाही, आजीच्या मागे पाहा. दोरीवर वाळणारे कपडे, कॅलेंडर, उघडं कपाट, गॅसची टाकी यांतलं काही दिसतंय? डोक्यातून विजेचा खांब उगवलाय? एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

मग चौकटीचे मनातल्या मनात आडवे तीन सारखे भाग करा. डोळे वरच्या रेघेच्या आसपास आले, की चेहरा बरोबर जागेवर बसतो. आपण नेमकं उलटं करतो. डोकं मधोमध घेतो, वर हातभर रिकामी भिंत आणि खाली गळ्याशी फोटो संपलेला!

फोटो कुठे संपवायचा, यालाही नियम आहे. मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर कापू नये, माणूस तुटल्यासारखा दिसतो. छातीपर्यंत घ्या किंवा कमरेपर्यंत घ्या. आजी एका बाजूला पाहत असेल तर त्या बाजूला जागा मोकळी सोडा.

आणि कॅमेरा नेहमी त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. आजी पाटावर बसली असेल तर तुम्ही जमिनीवर बसा. धाकट्या भावाचा फोटो काढायचा असेल तर गुडघे टेका. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत लहान मूल म्हणजे मोठं डोकं आणि इवलेसे पाय!

नळ, घड्याळ आणि रेडिओ

आता कॅमेऱ्याच्या आतली गंमत. बादली भरायची तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला. कॅमेऱ्यातही अगदी तसंच.

नळ म्हणजे ॲपर्चर, भिंगातलं उजेड आत येण्याचं भोक. त्याचे आकडे एफ २, एफ २.८, एफ ४, एफ ५.६, एफ ८ असे असतात. इथे सगळे फसतात. एफ ४ चं भोक एफ २ पेक्षा लहान असतं! कारण तो आकडा म्हणजे अपूर्णांकाचा छेद आहे. अर्धी भाकरी मोठी की चतकोर? झालं तर मग. भोक मोठं असलं की उजेड जास्त येतो आणि मागचं सगळं अंधूक होऊन चेहरा उठून दिसतो. पण फारच मोठं ठेवलं, तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट असंही होतं.

वेळ म्हणजे शटर. सेकंदाचा १/१२५ वा भाग म्हणजे बसलेल्या माणसासाठी बरोबर. पळणाऱ्या मुलासाठी १/५००. सेकंदाचा १/१५ ठेवला तर आपला हातच हलतो आणि सगळा फोटो हलतो.

तिसरं बटण आयएसओचं. ते रेडिओच्या आवाजासारखं आहे. स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, पण गाण्याबरोबर खरखरही वाढते. उजेड कमी असला की आयएसओ वाढवायचा, पण मग फोटोत रवा पडल्यासारखे दाणे दिसतात. म्हणून लागेल तेवढाच वाढवायचा.

खिडकीजवळच्या आजीसाठी एफ ४, १/१२५ आणि आयएसओ ४०० इथून सुरुवात करा. काळपट आला तर आयएसओ ८००.

मोबाइलवाल्यांनी घाबरू नये. बहुतेक मोबाइलमध्ये भोक एकाच मापाचं असतं, बाकीचं मोबाइल आपलं आपण ठरवतो. तुमचं काम दोनच. पडद्यावर आजीच्या जवळच्या डोळ्यावर बोट टेकवा, म्हणजे फोकस तिथे बसेल. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं अंधूक होतं ते गणिताने केलेलं असतं. त्यात कधी कधी कानातलं कुडं किंवा चष्म्याची काडीच गायब होते. तेव्हा फोटो मोठा करून तपासा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. त्याला सगळं जग मध्यम राखाडी करायचं असतं. आजीचं पातळ पांढरं असेल, तर तो सगळा फोटो गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या दारासमोर बसवलं, तर उलट चेहरा भुरका पडतो. म्हणून उजेड पातळावर नाही, दारावर नाही, चेहऱ्यावर बेतायचा.

"स्माइल प्लीज" म्हणू नका

सगळं जुळून आलं, तरी आजी लाकडासारखी ताठ बसते. आपण "हस ना" म्हणतो आणि ती दात दाखवते. ते काही खरं हसू नव्हे.

३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडात ओटावा इथे यूसुफ कार्श नावाच्या फोटोग्राफरला विन्स्टन चर्चिल यांचा फोटो काढायचा होता. चर्चिल तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान होते आणि महायुद्ध चालू होतं. ते तोंडातली सिगार काही काढेनात. कार्श पुढे झाला, "माफ करा" म्हणत त्याने ती सरळ तोंडातून काढून घेतली आणि त्याच क्षणी फोटो घेतला! चर्चिल असे रागावून पाहतायत, की तो फोटो जगभर गाजला. २०१६ साली इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर चर्चिल आले, ते याच फोटोवरून.

तुम्ही मात्र आजीच्या तोंडातला विडा ओढायला जाऊ नका हं! आपला उपाय सोपा आहे. "आजी, तू शाळेत कशी जायचीस गं?" असं विचारा. तिच्या हातात निवडायला तांदळाचं ताट द्या. ती बोलायला लागली, हात चालू झाले, की ती कॅमेरा विसरते. तेव्हा काढा. एक नाही, वीस काढा आणि त्यातला एक ठेवा.

आणि मग हात आवरा. गोरं करणारं, सुरकुत्या पुसणारं ते फिल्टर वापरू नका. सावळी आजी सावळीच सुंदर असते. सुरकुत्या पुसल्यात, तर मघाच्या त्या ब्रशने रंगवलेल्या फोटोत आणि तुमच्या फोटोत फरक काय राहिला? आणखी वीस वर्षांनी तुमच्याकडे पाहून कुणी म्हणायला नको, "पण ती अशी दिसत नव्हती!"

फोटो काढायच्या आधी विचारायचं, हेही शिकण्यातच येतं. कुणी "नको" म्हटलं तर नको. काढलेला फोटो गटावर पाठवायच्या आधी पुन्हा विचारायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातलं किंवा शेजारचं एक वयस्कर माणूस निवडा. दाराशी किंवा खिडकीशी बसवा, पाच फूट मागे जा, डोळ्यांच्या उंचीवर या आणि गप्पा मारता मारता फोटो काढा. त्यातला सगळ्यात चांगला निवडून कागदावर छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीने पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. मोबाइल बिघडतो, हरवतो. कागद मात्र ट्रंकेत पडून राहतो आणि एक दिवस कुणाच्या तरी हाती लागतो.

पालकांना एक विनंती. अर्धा तास मोबाइल मुलांच्या हातात द्या आणि मागे उभं राहून सूचना करू नका. आणि हो, मुलं तुमचाही फोटो काढायला आली, तर "माझा कशाला, माझे केस नीट नाहीत" असं म्हणू नका. निवांत बसा. हाच फोटो त्यांना पुढे हवा असणार आहे.