बदलीचा हुकूम आलेला माणूस

बँकेत एखाद्याच्या बदलीचा हुकूम आला, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या टेबलाकडची वर्दळ कमी होते. सहीचा अधिकार शाबूत असतो, किल्ल्याही त्याच्याकडेच असतात. पण मोठे कर्जप्रकरण त्याच्यापुढे ठेवताना सगळ्यांचाच हात आखडतो. ‘आता तुम्ही जाणारच ना, साहेब!’ असे हसत म्हटले जाते. मी हे सोसले आहे आणि, खोटे कशाला बोलू, मॅनेजर झाल्यावर इतरांशी तसाच वागलोही आहे. त्यामुळे जर्मन चषक स्पर्धेचा १९७३चा अंतिम सामना मला निव्वळ फुटबॉलचा वाटत नाही.

२३ जून १९७३. ड्युसेलडॉर्फचे ऱ्हाइन स्टेडियम खच्चून भरलेले. समोरासमोर बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख आणि कोलोन, म्हणजे जवळजवळ भाऊबंदकीच. ग्लाडबाखचा लाडका खेळाडू ग्युंटर नेट्झर. लांब केस, फेरारी मोटार, स्वतःच्या मालकीचा डिस्को आणि मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला अचूक पडणारा पास! १९७० आणि १९७१ साली ग्लाडबाखने लीग जिंकली ती बरीचशी त्याच्या जोरावर. पण आता तो रेआल माद्रिदला जाणार हे जाहीर झाले होते. काही दिवसांपूर्वीच त्याची आई वारली होती. प्रशिक्षक हेनेस वाइसवाइलर यांनी त्याला चक्क राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवले.

प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करीत राहिले. मैदानावर मात्र त्याच्यावाचून काही अडले नव्हते. विमरने ग्लाडबाखला आघाडी मिळवून दिली, नॉयमानने ती फेडली. मध्यंतरात वाइसवाइलर यांनी नेट्झरला उतरायला सांगितले, तर त्यानेच नकार दिला. संघ इतका छान खेळतोय, त्यात मी काय भर घालणार, असे त्याचे म्हणणे. उत्तरार्धात हाइन्केसची पेनल्टी वाया गेली. नव्वद मिनिटे संपली तेव्हा १-१ अशी बरोबरी होती.

आता जादा वेळ. तरुण ख्रिस्तियान कुलिक दमून गवतावर पडला होता. नेट्झरने त्याला विचारले, अजून खेळवेल का? नाही, म्हणाला. नेट्झरने ट्रॅकसूट उतरवला, आता मी खेळतो असे प्रशिक्षकांना सांगितले आणि तो आत गेला. परवानगी मागितली नाही, सांगितले! ९४व्या मिनिटाला बोनहोफशी चेंडूची देवाणघेवाण करून त्याने डाव्या पायाने गोल मारला. फटका पायावर नीट बसला नव्हता, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केले. ग्लाडबाख २-१ने जिंकले.

हट्टी साहेबाला गुणी माणसाने शिकवलेला धडा, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ते पटत नाही. वाइसवाइलर यांचा निर्णय नव्वद मिनिटांपुरता चुकला नव्हता. मध्यंतरातल्या नकाराने नेट्झरनेच त्याला दुजोरा दिला होता. आणि कुलिकला तर सगळे विसरतात. अंतिम सामन्यात, इतक्या लोकांसमोर, ‘माझ्यात आता जोर नाही’ हे त्याने कबूल केले. मी खालपासून वरपर्यंत अनेक खुर्च्या पाहिल्या, पण दमलो म्हणून आपणहून खुर्ची सोडणारा माणूस क्वचितच पाहिला. ‘खाली बस’ म्हणायला वाइसवाइलर यांना दोन-चार क्षण होते. ते गप्प राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर बहुधा लेखी खुलासा मागवला असता, आणि सामना गमावला असता.

नेट्झर त्या उन्हाळ्यात माद्रिदला रुजू झाला. वाइसवाइलर १९७६ साली कोलोनचे प्रशिक्षक झाले आणि १९७८ साली त्याच कोलोनला त्यांनी लीग आणि चषक, दोन्ही मिळवून दिले.