घर-संसार : अडीच तिकिटांत महाबळेश्वर

थंड हवेचे ठिकाण म्हणजे बड्या लोकांची चैन, असे आपल्या वस्तीत अजून बोलले जाते. कारखान्यात, पालिकेत, दुकानात राबणाऱ्या माणसाने बायकामुलांना घेऊन दोन दिवस डोंगरावर जाऊ नये, असा काही कायदा नाही. जानेवारीत आम्ही घरची पाच माणसे महाबळेश्वरला दोन रात्री राहून आलो. ओळखीच्या पुष्कळांनी खर्चाचे विचारले, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी भाड्याचा हिशेब. महिलांना २०२३ पासून राज्यात एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. आमची आई सत्त्याहत्तरची, तिचे काहीच नाही. मंडळी, मुलगी आणि धाकटा यांचे अर्धे-अर्धे, पूर्ण तिकीट एकट्या आमचेच. म्हणजे पाच माणसांचे स्वारगेटहून अडीच तिकिटांत काम झाले. आरक्षणाचा आकार वेगळा. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड मात्र हाताशी ठेवावे, ट्रंकेच्या तळाशी नको.

वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागतो आणि तिथेच पोरांची पोटे ढवळतात. निघताना पोटभर वडापाव चारू नये, अगदी उपाशीही ठेवू नये. पुढच्या बाकावर बसवून समोर रस्त्याकडे पाहायला सांगावे. ज्यांना हमखास उलटी होते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घाटाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते!

राहण्याची जागा बाजारपेठेजवळ बघावी, म्हणजे जेवायला पायी जाता येते. भाडे ठरवतानाच गरम पाणी, जादा गादी आणि खोली सोडण्याची वेळ विचारून घ्यावी. एका लॉजवाल्याने आमच्याकडून गरम पाण्याच्या बादलीमागे निराळे पैसे मागितले. पावती द्या म्हटल्यावर मागणी बंद झाली. कारकुनी अशी कधी कधी कामाला येते.

वेण्णा तलाव गावापासून दोनेक किलोमीटरवर, पाचगणीच्या रस्त्याला आहे. तो निसर्गाचा नव्हे, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलेला. जानेवारीत इथली थंडी बाजारातल्या थंडीहून निराळी. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जड झालेली गार हवा तलावाच्या खोलगट भागात उतरून बसते. मग काही पहाटे लिंगमळ्यापर्यंत दवबिंदू गोठून गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर धरतो. मुलांना तो दाखवायचा तर ऊन वर येण्याच्या आत पोहोचावे. त्यासाठी महागडा कोट लागत नाही. एकावर एक दोन सुती कपडे, वर स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे पुरे. दुपारी एकेक उतरवता येते.

नावेत बसण्याआधी दरफलक वाचावा आणि नावेत किती माणसे घेणार ते विचारावे. तरंगते जाकीट बक्कल लावूनच घालावे, नुसते गळ्यात अडकवू नये. घोड्याची फेरी कुठून कुठपर्यंत आणि किती पैशांत, हे पोरगा घोड्यावर चढण्यापूर्वी ठरवावे. चढल्यावर भाव आपल्या हातात राहत नाही. शनिवार-रविवारी तलावाकाठी वाहनांची रांग लागते. रजा मिळत असेल तर मधले वार बरे.

आता एक गोष्ट खास पुरुष मंडळींसाठी. काही कुटुंबे काटकसर म्हणून स्टोव्ह, तांदूळ, पीठ घेऊन येतात. काटकसर चांगली, पण मग घरातली बाई सुटीतही भाकऱ्याच थापते. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा नेला आणि रोज एक वेळ खानावळीत जेवलो. चार घरची धुणीभांडी करून आम्हाला शिकवणाऱ्या आईपुढे कोणीतरी वाढलेले ताट आले, तेव्हा ती वाढणाऱ्या पोराला म्हणाली, "तू जेवलास का रं?" तेवढ्या खर्चासाठी आम्ही वर्षभर भिशी लावली होती. कर्ज काढून मात्र सहल करू नये, हप्ते फेडताना थंडी आठवत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांना सगळे पॉइंट दाखवण्याचा हट्ट नको. एक-दोन पुरेत. आर्थर सीटला माकडे पिशव्या ओढतात, खाऊ हातात धरून चालू नये. पाचगणीच्या वाटेवरचे भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे. तिथे घरोघरी बसून फुकट वाचता येते. आमची मुलगी तिथून उठेना.

स्ट्रॉबेरी शेवटच्या दिवशीच घ्यावी. वरचा थर लाल आणि खाली पांढरट, असा डबा असतो, तेव्हा तो उलटून पाहावा. न धुता ठेवावी, खातानाच धुवावी, आणि गाडीत मांडीवर घ्यावी, रॅकवर नको. परतीचे आरक्षण जातानाच करून ठेवावे. रविवारी संध्याकाळी आगारात उभे राहायलाही जागा नसते.