उंची जीपची की मालकाची?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय जीपचा आहे, त्यामुळे आई आणि मावशी पहिल्या ओळीलाच पान बंद करतील. करू नका. या गाड्यांच्या मागच्या सीटवर तुमची नातवंडं बसतात.

इथे अमेरिकेत रँग्लर घेतलेल्या आपल्या मुलांची वाट ठरलेली असते. आधी गाडी अडीच इंच उचलायची, मग ३५ इंची टायर, आणि मग आठच्या आठ कंट्रोल आर्म बदलायचे. लाल किंवा नारिंगी, मनगटाएवढे जाड, अ‍ॅडजस्टेबल. का? तर "सगळे घालतात". माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेचसे आर्म पार्किंगमध्ये वाकून बघणाऱ्यांसाठी घेतलेले असतात.

ज्यांच्या डोक्यावरून जातंय त्यांच्यासाठी थोडक्यात. रँग्लरचे पुढचे आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड असतात. प्रत्येक अ‍ॅक्सलला चॅसीशी चार दांडे जोडतात, दोन वर, दोन खाली. हेच कंट्रोल आर्म. शिवाय अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा ट्रॅक बार. आता घड्याळाचा काटा आठवा. तीनवरून चारवर गेला की त्याचं टोक खाली जातं, पण मध्याच्या जवळही येतं. गाडी उचलली की आर्मचं तेच होतं. पुढचा अ‍ॅक्सल थोडा मागे ओढला जातो आणि किंचित फिरतोही. त्या फिरण्याने कास्टर कमी होतो.

कास्टर म्हणजे काय? सायकलचा पुढचा चिमटा वरच्या बाजूला मागे कललेला असतो ना, तोच कल. त्याच्यामुळेच हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपचा हा कल कमी झाला की हायवेवर ताशी १०० किलोमीटरला गाडी भरकटायला लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत नाही. दगडावर ताशी ५ किलोमीटरने चढताना हे कळतही नाही. आणि आपली गाडी दगडावर वर्षातून किती दिवस असते? मोॲबला एक लाँग वीकेंड. बाकी ऑफिस आणि कॉस्टको.

म्हणून आर्म निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, ब्रँडचाही नाही. गाडी उचलून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि कास्टर किती उरला ते कागदावर बघा. लिफ्ट थोडी असेल आणि कल कमी झाला असेल, तर बहुतेक वेळा पुढचे खालचे दोन आर्म थोडे लांब घेतले की काम होतं. आठ नाही, दोन. पण तेही बेताने, कारण कास्टर वाढवताना पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली वळतं आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो. एक सांभाळायला गेलं की दुसरं सुटतं, आणि हे पैसे टाकून टळत नाही.

दुसरा प्रश्न टोकांचा. कंपनीच्या आर्ममध्ये रबरी बुश असतात. त्यांना "मऊ" म्हणून हसायची फॅशन आहे. पण रस्त्याचा हादरा आणि आवाज तेच गिळतात, आणि ग्रीस मागत नाहीत. धातूचे गोलाकार जॉइंट भरपूर पिळतात, मान्य. रुबिकॉन ट्रेलवर एक चाक आभाळात आणि एक खड्ड्यात असताना त्यांचा पैसा वसूल होतो. जो खरंच तिथे जातो त्याने जरूर घ्यावेत, अ‍ॅडजस्टेबलच घ्यावेत. मात्र चिखल-धूळ बसून ते झिजतात, खडखडतात, आणि त्यांचे लॉकनट अधूनमधून तपासावे लागतात. तपासतो कोण?

हो, आणि रबरी बुश असतील तर बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. महागडे आर्म लावणाऱ्या एका वर्कशॉपने माझ्या डोळ्यांदेखत ते हवेतच आवळले होते. बिल मात्र जमिनीवर घेतलं :-)

"पण आर्म बदलले की डेथ वॉबल जातो ना?" हा प्रश्न येणारच. खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागतात, थांबतच नाहीत, तो प्रकार. बऱ्याचदा दोष ट्रॅक बारच्या सैल बोल्टचा किंवा झिजलेल्या बुशचा निघतो. आर्म झिजले असतील तर बदला, पण आधी ट्रॅक बार बघा. तिथे रंगीत काही नसतं म्हणून कुणी बघत नाही.

पुण्यातल्या भाच्यांसाठी वेगळं. रँग्लर २०२१ पासून तुमच्या शेजारी रांजणगावला जोडली जाते, त्यामुळे हा ताप तिकडेही येणार. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तेव्हा आर्म दूरच, आधी लिफ्टचंच आरटीओत विचारा.

असो. उंच गाडीला माझा विरोध नाही, माझीही उंच आहे. पण जे पैसे सहा नको असलेल्या आर्मवर जातात, त्यात चांगले टायर आणि दर वर्षीची अलाइनमेंट बसते. राग आला असेल तर खाली लिहा. पण आधी आपल्या गाडीचा कास्टर किती आहे ते सांगा, मग भांडू.