काकू गोळी अर्धी घेतात

वैद्यकीय विद्यार्थ्यांना संभाषणाचा सराव व्हावा म्हणून धडधाकट माणसाला रुग्ण करून बसवितात, हे ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. प्रथा मात्र जुनी आहे. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांना परीक्षेसाठी बसविलेल्या एका रुग्णाने सांगितले होते की, तपासणारा फार आडदांडपणे वागला, म्हणून आपण मुद्दाम लक्षणे बदलून दाखविली! पुढे १९६३ साली लॉस एंजेलिस येथे बॅरोज यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेल स्त्रीला पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकविली. आपल्या देशात २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला रीतसर स्थान मिळाले आहे. तेव्हा अशा भूमिकांच्या संहिता मराठीतही हव्यात.

नाटककाराच्या हाती दोन्ही पात्रांची वाक्ये असतात. येथे विद्यार्थी काय विचारील याचा नेम नाही. म्हणून संवादांपेक्षा माणूस लिहावा लागतो. आणि तो काय सांगत नाही, हे आधी लिहावे लागते.

समजा, बावन्न वर्षांच्या एक मधुमेही काकू आहेत. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले : "पायांना मुंग्या येतात हो." औषध घेता ना, असे विचारल्यास उत्तर, "घेते की." ते खोटे नाही. पण मुलाच्या फीसाठी पैसे वाचावेत म्हणून त्या गोळी अर्धीच घेतात. "काकू, महिनाभराची औषधे परवडतात का?" असे कोणी हळुवारपणे विचारले तरच हे उघड व्हावे, आणि दरडावून विचारले तर मुळीच होऊ नये, अशी स्पष्ट सूचना संहितेत हवी. हे कळले नाही तर डॉक्टर गोळीची मात्रा वाढवील. आणि पुढे काकूंनी त्या पुऱ्या घेतल्या, तर साखर एकाएकी उतरून त्या कोसळतील.

भाषेचे पथ्य तर फारच कडक. "पायांत बधिरता आहे," असे कोणत्या काकू म्हणतात? त्या म्हणतील, "कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल निसटली तरी कळत नाही." आमच्या इंदूरकडच्या असतील, तर "घबराहट होते" म्हणतील, आता ती भीती, धडधड की छातीतील कळ, हे विद्यार्थ्याने विचारूनच घ्यावे. संहितालेखकाने ते शुद्ध करून देऊ नये. (आम्हां मराठीच्या मास्तरांना हा मोह आवरणे अंमळ कठीणच!)

दिवसभरात दहा विद्यार्थी आले, तरी काकू दहाही वेळा त्याच असल्या पाहिजेत. एकापुढे रडल्या आणि दुसऱ्यापुढे हसल्या, तर परीक्षा न्यायाची कशी व्हावी? शेवटी भूमिका उतरवून त्यांनी विद्यार्थ्याला आपला अनुभव सांगायचा असतो. उदाहरणार्थ : "तुम्ही कागदात मान घातलीत ना, तेव्हाच मी गोळ्यांचे सांगणार होते."