माप कोणाच्या हाती?

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून पुढे जाते. त्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, मालाच्या गाड्या बाहेरच खोळंबतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नाही. उशीर का झाला हे साऱ्या गावाला ठाऊक असते. मात्र ज्याला हे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नाही, असा एक हिशेबनीस गेल्या दहाबारा वर्षांत या गावातील कित्येक घरांत येऊन बसला आहे. पार्सल उचलणारी गाडी आली नाही, माल निघाल्याची नोंद झाली नाही, एवढेच त्याला दिसते. पालखी त्याच्या वहीत नाही. त्याच्या वहीत विक्रेत्याचा उशीर मात्र आहे.

हा हिशेबनीस म्हणजे ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या कंपन्यांची गुणांकन-यंत्रणा. निगडी, यमुनानगर, चिखली, तळवडे या भागात या बाजारपेठांवर माल विकून पोट भरणारी माणसे आहेत. कोणी दुचाकीचे सुटे भाग विकतो, कोणी स्टीलची भांडी, कोणी पूजेचे साहित्य, कोणी भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमधून आणलेली हत्यारे. पुढच्या खोलीत खोक्यांची रास, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिकटपट्टी, आणि रात्री अकराला पत्ते छापीत बसलेली सून, असे या व्यापाराचे खरे रूप आहे. 'उद्योजक' हा शब्द जाहिरातीत शोभतो. घरात मात्र त्याला 'ऑर्डरींचे काम' म्हणतात, आणि तेच नाव अधिक खरे आहे.

कामाचे मोजमाप कसे होते, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. ॲमेझॉनच्या जाहीर नियमांनुसार स्वतः माल पाठविणाऱ्या विक्रेत्याच्या उशिराच्या ऑर्डरींचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली राहावे लागते, पाठविण्यापूर्वी रद्द केलेल्या ऑर्डरींचे अडीच टक्क्यांच्या खाली, आणि सदोष ठरलेल्या ऑर्डरींचे 1 टक्क्याच्या खाली. मर्यादा ओलांडली तर विक्रीचा हक्क जाऊ शकतो. इतर कंपन्यांचे आकडे व नावे निराळी असली तरी जात तीच. सकृद्दर्शनी यात गैर काहीच नाही. ग्राहकाला माल वेळेवर मिळावा हे समाजवाद्यांनाही मान्य आहे, आणि फसवणूक करणारे विक्रेते बाजारात असतात हेही खोटे नाही.

पण टक्केवारीची समानता ही फसवी समानता असते. दहा दिवसांत पाच हजार ऑर्डरी पाठविणाऱ्या व्यापाऱ्याच्या दोनशे ऑर्डरी उशिरा गेल्या तेव्हा कोठे तो 4 टक्क्यांच्या रेषेला टेकतो. तेवढ्याच दिवसांत पन्नास ऑर्डरी पाठविणाऱ्या यमुनानगरच्या घराला तीन ऑर्डरी पुरतात. त्याचे प्रमाण 6 टक्के होते. सदोष ऑर्डरींच्या बाबतीत तर साठ ऑर्डरींमध्ये एक तक्रार आली तरी रेषा ओलांडली जाते. एका पालखीच्या दिवशी तीन पार्सले अडकणे ही काय अघटित गोष्ट आहे? मोठ्याच्या हिशेबात जो अपघात ठरतो, तोच लहानाच्या हिशेबात अपराध ठरतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. यंत्रणा मालाची हालचाल मोजीत नाही, हालचालीची नोंद मोजते. पार्सल बांधून दारात तयार असते; परंतु लेबल छापणारे पान उघडत नाही, ऑर्डर आल्याची खबरच काही तासांनी मिळते, विकून संपलेला माल शिल्लक दिसत राहतो आणि आलेली नवी ऑर्डर रद्द करावी लागते. बिघाड कंपनीच्या संगणकात, आणि डाग विक्रेत्याच्या खात्यावर. पार्सल उचलायला येणारा मुलगा चाकणच्या रस्त्यावरील कोंडीत सापडला तर तो येत नाही. आला तरी घाईत दहातील आठच पार्सले स्कॅन करतो. त्याच्या मागेही तेच घड्याळ लागलेले असते. मग विक्रेता त्या मुलावर चिडतो, मुलगा विक्रेत्यावर, आणि ज्याने दोघांच्या हाती अपुरा वेळ दिला तो या भांडणात कोठेच नसतो. गुरुवारी औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी असते, वीजदुरुस्तीची कामेही त्याच दिवशी निघतात. हे भोसरीतील शेंबड्या पोरालाही माहीत असते. दुकान तात्पुरते बंद ठेवण्याची सोय यंत्रणेत असते म्हणावे, तर तेवढे दिवस माल बाजारातून दिसेनासा होतो. म्हणजे रजा आहे, पण बिनपगारी.

वजनाचेही तेच. पार्सलचे खरे वजन आणि लांबी, रुंदी, उंचीवरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्यावर वाहतूक आकारली जाते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि गिऱ्हाईक काट्याकडे डोळे लावून उभे राहू शकते. येथे मात्र पेटी दूरच्या गोदामात, विक्रेत्याच्या पाठीमागे मोजली जाते आणि आकडा त्याला कळविला जातो.

अर्थात बिघाड हे मानवी कामात व्हायचेच. प्रश्न त्याची किंमत कोणी मोजायची हा आहे. 12 डिसेंबर 2014 रोजी ब्रिटनमध्ये विक्रेते भाव ठरविण्यासाठी वापरीत असलेल्या एका संगणकीय आज्ञावलीत चूक झाली आणि ॲमेझॉनवरील हजारो वस्तू सुमारे तासभर एका पेनीला विकल्या गेल्या. आज्ञावली उत्तर आयर्लंडमधील एका कंपनीची होती. बहुतेक ऑर्डरी रद्द झाल्या, परंतु गोदामातून निघून गेलेल्या मालाचा तोटा नाताळच्या तोंडावर लहान विक्रेत्यांच्या पदरात पडला. तंत्रज्ञान जागतिक असते. तोटा मात्र नेहमी कोणत्या तरी एका घरात उतरतो.

येथे कार्यकर्त्यांपैकी काहींच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. हा विक्रेता तर लहान मालक. नफ्यासाठी व्यापार करणारा. त्याच्यासाठी श्रमिकांच्या पक्षाने का झिजावे? या शंकेचे उत्तर पिंपरी-चिंचवडच्या इतिहासातच आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये पिंपरीत उभा राहिला. पुढे औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि निगडीचे प्राधिकरण वसले. (ते प्राधिकरण 2021 मध्ये विसर्जित झाले, घरे कामगारांच्या हाती किती राहिली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) या घरांतील पहिल्या पिढीने कारखान्यात एक गोष्ट झगडून मिळविली होती. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने आणि युनियनच्या बळाने असे ठरले की, कामगाराला काढायचे तर आधी आरोपपत्र द्यावे लागेल, चौकशी करावी लागेल, त्याचे म्हणणे ऐकावे लागेल. चौकशी अनेकदा नाटकी असे हे खरे. पण नाटकालाही तारीख लागते, साक्षीदार लागतात, आणि समोर एक माणूस बसावा लागतो.

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन 2007 मध्ये थांबले. कायम नोकऱ्या आटल्या, कंत्राटी वाढल्या. ज्या घरात बापाला आरोपपत्राविना कोणी घरी बसवू शकत नव्हते, त्याच घरात आज लेकीचे विक्री-खाते सकाळी उठून पाहावे तो बंद झालेले असू शकते; कारण म्हणून एक ठरीव मजकूर, आणि दाद मागितली तर पुन्हा तसाच ठरीव मजकूर. कंपन्या काही वेळा चूक मान्य करून डाग पुसतातही. पण ती मेहेरबानी असते, हक्क नव्हे. ज्याचे भांडवल म्हणजे चार खोकी आणि घरच्यांचे हात, ज्याचा वेळ, दर्जा आणि बाजारातील स्थान दुसरा ठरवितो, त्याला मालक म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे.

हा खेळ कायद्यातही चालतो. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याची मालक नाही, म्हणून कामगार कायदे लागत नाहीत. ती स्वतः माल विकत घेत नाही, म्हणून लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळवून देणारा 2006 चा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. 2020 चे ई-कॉमर्स नियम ग्राहक संरक्षणाचे. त्यांत विक्रेत्यांना मिळणाऱ्या वेगवेगळ्या वागणुकीचा खुलासा करण्याचे बंधन कंपन्यांवर आहे, परंतु विक्रेत्याला सुनावणी नाही. पार्सल पोहोचविणारा कामगार निदान नावाने तरी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला. विक्रेता कोठेच नाही. कर भरताना मात्र त्याची आठवण होते: जीएसटीपोटी मुळातच कापली जाणारी रक्कम 2018 पासून 1 टक्का होती, ती 2024 मध्ये अर्ध्यावर आली.

आणि ज्यांनी माप हाती घेतले, ते स्वतः या बाजारात तटस्थ आहेत काय? परकीय भांडवल असलेल्या बाजारपेठेने स्वतःचा माल विकू नये, असा भारतातला नियम आहे. तरीही ॲमेझॉनची भागीदारी असलेली क्लाउडटेल ही कंपनी 2022 पर्यंत त्याच बाजारपेठेवरील एक प्रमुख विक्रेती होती. स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, असा चौकशी विभागाचा निष्कर्ष असल्याचे वृत्त 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांनी आरोप नाकारले आहेत. अंतिम निवाडा काय व्हायचा तो होवो. पण खेळणाऱ्यांतच ज्याचे नातेवाईक आहेत अशा पंचाकडून लहानाने न्यायाची आशा धरावी, हे भाबडेपणाचे आहे.

मराठी शेतकऱ्याला ही कथा नवी वाटणार नाही. एके काळी बाजारात धान्याचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. त्याला हत्ता पद्धत म्हणत. माल शेतकऱ्याचा, आणि सौदा त्याच्याच डोळ्यांआड. नियंत्रित बाजार आले, राज्याचा 1963 चा कायदा आला, उघड लिलाव आणि तोलाईचे नियम आले. बाजार समित्यांची पुढे जी गत झाली ती झाली. तरी रुमाल काढला गेला, हे नाकारता येत नाही. त्याच राज्याने 1969 मध्ये माथाडी कायदा करून एक ठाम मालक नसलेल्या हमालांनाही मंडळ दिले. ऑनलाइन बाजारपेठेतील क्रम आणि गुण आज रुमालाखाली आहेत.

युरोपीय संघाने 2019 मध्ये नियम केला आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला: विक्रेत्याला काढायचे तर तीस दिवस आधी सकारण सूचना, तक्रारीची अंतर्गत व्यवस्था, आणि विक्रेत्यांच्या संघटनांना न्यायालयात जाण्याचा हक्क. 2025 मध्ये युरोपीय आयोगानेच तो मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला, यातूनही शिकण्यासारखे आहे. भारतात मागणी यापुढची हवी. कंपनीने आपल्या बिघाडांची तारीखवार नोंद जाहीर करावी आणि त्या काळातील उशीर विक्रेत्याच्या माथी मारू नये. मोजक्या ऑर्डरींवर टक्केवारी लावूच नये. खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि उत्तराला मुदत द्यावी, आणि ते उत्तर वाचणारा अधिकारी याच राज्यात, नावानिशी बसलेला असावा.

ऑनलाइन विक्रेत्यांची अखिल भारतीय संघटना फ्लिपकार्टविरुद्ध 2018 मध्येच स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. आयोगाने तक्रार फेटाळल्यावर ती अपील न्यायाधिकरणात गेली आणि 2020 मध्ये चौकशीचा आदेश मिळवून आली. एकेकट्याला हे साधले नसते. पण दिल्लीतील दाव्याला लागणारा पुरावा निगडीतच जमवावा लागेल. फाटकावरच्या युनियनची सुरुवात अनेकदा एका तक्रारवहीने झाली आहे. तशी एक वही वॉर्डाच्या कार्यालयात ठेवता येईल: कोणत्या दिवशी पान उघडले नाही, कोणत्या वेळी गाडी आली नाही, कोणत्या पेटीचे वजन किती दाखविले गेले. त्यात विक्रेत्याइतकीच पार्सल उचलणाऱ्या मुलाची सही हवी, कारण गाडी का आली नाही हे त्यालाच माहीत असते. पालखीपूर्वी वाहतूक बदलाची सूचना पोलीस दरवर्षी प्रसिद्ध करतात. वहीचे पहिले पान म्हणून तीच चिकटविता येईल.