कृत्रिम सांधा आणि बुरशी

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेला रबरी पाय रात्री काढून धुता येतो. शरीरात बसविलेल्या कृत्रिम गुडघ्याची गोष्ट निराळी. त्यावर कँडिडा वर्गाची बुरशी वसली, की ती स्वतःभोवती चिकट पटल विणते. औषध आत शिरत नाही. बाधित सांध्यांपैकी शेकडा एखाद्यातच ती आढळते, म्हणूनच ती ओळखण्यास विलंब लागतो. जंतू सापडत नाहीत, प्रतिजैविके व्यर्थ ठरतात. अशा वेळी मात्रा वाढवीत बसण्यापेक्षा सांध्यातील द्रव बुरशीच्या तपासणीस पाठवावा व संवर्धनास पुरेसे दिवस द्यावेत, असे आम्हांस वाटते. सांधा काढून, निदान सहा आठवडे बुरशीनाशक औषध देऊन मगच नवा बसविणे कष्टाचे खरे. परंतु केवळ गोळ्यांचा सोपा उपाय शल्यक्रिया न सोसणाऱ्या रुग्णांसाठीच राखावा.