समजून घ्या : ‘मेडिकेड’ची धोरणे ठरवताना लाभार्थी का हवेत?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने २०१८मध्ये गरिबांच्या ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्य विम्याला अट जोडली : ठरावीक वयोगटाने महिन्याला ८० तास काम, शिक्षण वगैरे करून त्याची नोंद द्यायची. सुरुवातीला नोंद फक्त ऑनलाइन. त्यातही पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद! काही महिन्यांतच १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. दिवसभर राबणाऱ्याला मोकळा वेळ रात्रीच मिळतो, हे एखाद्या लाभार्थ्याने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

नवा नियम काय?
केंद्र सरकारच्या २०२४च्या नियमानुसार राज्यांना जुलै २०२५पर्यंत दोन समित्या नेमायच्या होत्या. एक सल्लागार समिती. दुसरी आजी-माजी लाभार्थी, त्यांचे कुटुंबीय व काळजीवाहक यांची. दुसरीतील सदस्यांचा पहिलीत वाटा आधी १० टक्के, मग २० आणि जुलै २०२७नंतर २५ टक्के.

मेख कुठे?
सल्ला बंधनकारक नाही. सदस्यही राज्याची यंत्रणाच निवडते. मात्र शिफारशी आणि त्यांवरील राज्याचे उत्तर वार्षिक अहवालात जाहीर करावे लागते.

आताच महत्त्व का?
२०२५च्या कायद्याने अनेक प्रौढांसाठी ८० तासांची अट देशभर आणली. तिची अंतिम मुदत १ जानेवारी २०२७. ती रद्द करणे समित्यांच्या हाती नाही. पण अर्ज सोपा असावा, नोंद फोनवरूनही देता यावी, असा आग्रह त्या नक्कीच धरू शकतात. विमा टिकतो की जातो, हे अनेकदा तिथेच ठरते.